आभाळ मोजणाऱ्या मणीबाई

आमच्या शेतात एकदा आभाळातून पेटी पडली होती. १९७५ च्या आसपासची गोष्ट, मी तिसरीत असेन. श्रीगोंदा तालुक्यातलं आमचं गाव, ज्वारी हुरड्यात आलेली. पाखरं राखायला गेलेला आमचा गडी धापा टाकत घरी आला आणि दादांना बोलावून घेऊन गेला. आम्ही पोरं मागोमाग. बघतो तर बांधाला एक पांढरी थर्माकोलची पेटी, तिला बांधलेली लांबलचक दोरी, आणि दोरीच्या टोकाला फाटक्या रबराची लक्तरं. पाकिस्तानच्या लढाईला चारच वर्षं झालेली, त्यामुळे कुणी बाँब ठरवला, कुणी हेरगिरीचं यंत्र. आजीने तर लांबूनच हळदकुंकू वाहिलं! शेवटी शाळेतले गुरुजी आले, त्यांनी पेटीवरची इंग्रजी चिठ्ठी वाचली आणि सांगितलं की हे पुण्याच्या वेधशाळेचं यंत्र आहे. फुग्याला बांधून वर सोडतात, हवा मोजायला. त्यावर सगळा बांध खदखदून हसला. दूध मोजतात, ज्वारी मोजतात. हवा कुणी मोजतं का?

दादांनी पेटी पोस्टाने पुण्याला पाठवून दिली. रबर मात्र आईने ठेवून घेतलं. त्याच्या पट्ट्या कापून तिने लोणच्याच्या बरण्यांची तोंडं कित्येक वर्षं बांधली.

हे सगळं इतक्या वर्षांनी आठवायला कारण झालं पुतण्याचं स्पर्धा परीक्षेचं पुस्तक. तो मोठ्याने घोकत होता आणि मी शेजारी भाजी निवडत होते. भारतातली ओझोन मापनाची यंत्रं कोणाच्या देखरेखीखाली तयार झाली? उत्तर, अण्णा मणी. माझ्या डोळ्यांसमोर लगेच धोतर, कोट, टोपी घातलेले, कपाळाला आठ्या असलेले कुणी अण्णा उभे राहिले. आपल्याकडे घरटी एक अण्णा असतातच. पुढे एकदा मासिकात फोटो पाहिला तेव्हा कळलं की हे अण्णा नाहीत, ही अन्ना आहे. खादीची साडी नेसलेली, चष्म्यातून सरळ आपल्याकडे बघणारी बाई. मग मात्र मी मिळेल ते वाचत सुटले.

अन्ना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ चा, त्रावणकोर संस्थानातल्या पीरमेडचा. आता हा भाग केरळात येतो. सुखवस्तू सीरियन ख्रिश्चन घराणं, वडील सिव्हिल इंजिनियर, वेलदोड्याचे मळे. आठ भावंडांत अन्ना सातवी. त्या घरची रीत ठरलेली होती. मुलांनी शिकून मोठ्या हुद्द्यावर जायचं आणि मुलींनी चांगल्या घरी पडायचं. मुलीच्या आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या द्यायची पद्धत होती. अन्नाने कुड्या नको म्हणून सांगितलं आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागितले. आठ वर्षांची मुलगी हो! माझ्या आठव्या वर्षी मला कुणी हिऱ्याच्या कुड्या देऊ केल्या असत्या, तर मी त्या घालून आधी सगळ्या गल्लीतून मिरवून आले असते. पण या मुलीने तोवर गावच्या वाचनालयातली मल्याळी पुस्तकं जवळजवळ सगळी संपवली होती. बाराव्या वर्षापर्यंत तिथली इंग्रजीही संपली.

१९२५ मध्ये वैकोमचा सत्याग्रह चालू असताना गांधीजी त्या भागात आले होते. दलितांना देवळाजवळच्या रस्त्यावरून चालू द्यावं म्हणून हा लढा होता. त्याचा छोट्या अन्नावर असा परिणाम झाला की पुढे तिने खादी धरली ती शेवटपर्यंत. बहिणींची लग्नं लवकर झाली. अन्नाने शिकायचं ठरवलं आणि घरच्यांनी अडवलं नाही. खरं तर तिला डॉक्टर व्हायचं होतं, पण फिजिक्स चांगलं जमायचं म्हणून मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९३९ मध्ये तिने ऑनर्सची पदवी घेतली. पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली आणि बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये थेट सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत प्रवेश झाला.

इथे आपल्या एका मराठी बाईची आठवण काढायलाच हवी. याच संस्थेत १९३३ मध्ये कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, आपल्या दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण, प्रवेश मागायला गेल्या होत्या. त्या बाई आहेत एवढ्याच कारणासाठी रामननी नकार दिला. कमलाबाई हटून बसल्या आणि अटी घालून का होईना, त्यांना घ्यावं लागलं. सात वर्षांनी अन्ना आली तेव्हा दार किलकिलं तरी झालेलं होतं, ते असं.

आत शिरल्यावरचं वातावरण मोकळं होतं असं मात्र नाही. मुलामुलींनी एकमेकांशी बोलायचं नाही असा रामन यांचा कडक दंडक. पुरुष सहकाऱ्यांच्या गप्पांत, वादात मुलींना जागा नाही. एखाद्या मुलीकडून उपकरण जोडताना जरा चूक झाली की बायकांना हे जमायचंच नाही असा डांगोरा. हे वाचताना मला माझं कॉलेज आठवलं. आमच्या प्रॅक्टिकलला चौघांचा गट असायचा. ब्युरेट मुलांच्या हातात, जर्नल मुलींच्या. माझ्या हातून एकदा पिपेट फुटलं, तर सरांनी पुढचं वर्षभर मला काचेला हात लावू दिला नाही. मुलांनी किती फोडली त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला माझं लग्न झालं. उरलेलं एक वर्ष राहिलं ते राहिलंच.

असो. गंमत बघा, लहानपणी कुड्यांमधले हिरे नाकारलेल्या या मुलीच्या पुढ्यात रामननी हिरेच ठेवले. तीसेक वेगवेगळ्या हिऱ्यांवर प्रकाश टाकायचा आणि त्यातून काय बाहेर पडतं ते फोटोच्या काचेवर टिपायचं, हे तिचं काम. एकेका फोटोला पंधरा-वीस तास लागत. हिरा द्रवरूप हवेत ठेवून गारठवायचा आणि वाट बघत बसायचं. ती कित्येकदा रात्री प्रयोगशाळेतच झोपत असे. १९४२ ते १९४५ या काळात तिने स्वतःच्या एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध लिहिले आणि १९४५ च्या ऑगस्टमध्ये पीएचडीसाठी प्रबंध सादर केला. तो मद्रास विद्यापीठाकडे गेला, कारण त्या काळी पदव्या तिकडून मिळत. विद्यापीठाने सांगितलं की एमएस्सी नाही, म्हणून पीएचडी देता येणार नाही. ज्या ऑनर्सच्या पदवीवर तिला संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली होती, ती पदवी इथे चालेना.

प्रबंध आजही बंगलोरच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात आहे. पदवी मात्र नाही. त्यांनी स्वतः याचा कधी बाऊ केला नाही. पदवी नसल्याने आपलं काही अडलं नाही असंच त्या सांगत. मला त्यांचं कौतुक वाटतं, पण पटत नाही. अडलं नाही असं म्हणायला आधी त्यांच्याएवढं काम करून दाखवावं लागतं. बाकीच्यांचं अडतंच की.

त्याच वर्षी सरकारी शिष्यवृत्तीवर त्या बोटीने इंग्लंडला गेल्या, ते फिजिक्स करायला. तिथे जागा होती ती फक्त हवामानाची उपकरणं शिकण्याची. त्यांनी ती घेतली. म्हणजे पुढचं सगळं आयुष्य ज्या कामात गेलं, ते त्यांनी निवडलेलं नव्हतंच. समोर आलं ते उचललं आणि त्यात जीव ओतला. १९४८ मध्ये स्वतंत्र भारतात परत आल्या आणि पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या.

पुण्याला शिवाजीनगरला गेला असाल तर सिमला ऑफिस हा स्टॉप माहीत असेल. पुण्यात सिमला कुठून आलं असं मला नेहमी वाटायचं. तर हवामान खात्याचं मुख्य कार्यालय आधी सिमल्याला होतं, १९२८ मध्ये ते पुण्यात आलं आणि येताना नावही घेऊन आलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण उपकरणांचा विभाग पुण्यातच राहिला. मणीबाईंची खरी कर्मभूमी ती. (बाई हे आपलं माझं. मराठीत इतक्या मोठ्या बाईला नुसतं नावाने हाक मारायला जीभ रेटत नाही.)

तेव्हा पर्जन्यमापक, वारा दाखवणारी यंत्रं अशी साधी उपकरणं पुण्याच्या वर्कशॉपमध्ये बनू लागली होती, पण जरा गुंतागुंतीचं काही हवं असेल तर विलायतेवरून आणायचं. मणीबाईंचे वरिष्ठ व्यंकटेश्वरन यांनी हे काम इथेच करण्याचा ध्यास घेतला होता आणि त्यांना मणीबाई मिळाल्या. जवळजवळ शंभर उपकरणांची प्रमाणित ड्रॉइंग्ज त्यांनी तयार करून घेतली. कोणता स्क्रू किती मिलिमीटरचा, कोणता पत्रा किती जाडीचा, सगळं कागदावर. १९५३ मध्ये त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. हाताखाली १२१ माणसं, सगळे पुरुष. त्या काळात, पुण्यात! किती जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील त्याची कल्पना तुम्हीच करा.

चुकीचं माप घेण्यापेक्षा माप न घेतलेलं बरं, असं त्यांचं ठाम मत होतं. शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींना हे समजावून सांगायला नको. टेप ताणली गेलेली असेल आणि ते माहीत नसेल तर सगळे ब्लाउज बिघडतात. टेपच नसेल तर निदान आपण जुना ब्लाउज मागून घेतो. देशभरच्या वेधशाळांत शेकडो उपकरणं आणि प्रत्येकाचं माप थोडं वेगळं आलं तर पावसाचा अंदाज बांधायचा कशावर? म्हणून प्रत्येक उपकरण प्रमाण उपकरणाशी ताडून बघायचं आणि मगच बाहेर पाठवायचं.

आता फुग्यांकडे वळते.

जमिनीवरची हवा मोजणं त्या मानाने सोपं. पण पाऊस, ढग, वारे ही सगळी गडबड वर चालते. म्हणून हायड्रोजन भरलेल्या मोठ्या फुग्याला छोटी यंत्रं बांधून वर सोडतात. त्यातला रेडिओ तापमान, दाब, ओलावा यांची बातमी खाली पाठवत राहतो. फुगा मिनिटाला साधारण तीनशे मीटर चढतो. वर हवा विरळ होत जाते तसा तो फुगत जातो, आणि तास-दीड तासाने पंचवीस-तीस किलोमीटरवर, एव्हरेस्टच्या तिप्पट उंचीवर, फुटतो. मग पेटी वाऱ्याबरोबर जाईल तिकडे पडते. हिवाळ्यात आपल्याकडे वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. म्हणूनच पुण्याचा फुगा आमच्या श्रीगोंद्याच्या ज्वारीत आला. पावसाळ्यात खूप उंचावरचा वारा उलटा वाहतो.

मणीबाईंना यापुढचं मोजायचं होतं. वरच्या ओझोनचा थर सूर्याची अतिनील किरणं अडवतो हे आता शाळेतली पोरंही सांगतात. पण तो थर म्हणजे किती? सगळा ओझोन जमिनीवर आणून पसरला तर जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा होईल. आपल्या भाकरीएवढा. तेवढ्यावर सगळी सृष्टी तगून आहे. जमिनीवर बसून सूर्यप्रकाश तपासला की वर एकूण किती ओझोन आहे ते सांगणारं उपकरण होतं. पण इमारतीत एकूण किती माणसं राहतात ते कळलं म्हणून कोणत्या मजल्यावर किती, हे नाही ना कळत? त्यासाठी यंत्रालाच जिना चढायला लावायचा.

१९६० च्या दशकात मणीबाईंच्या विभागाने असं भारतीय बनावटीचं यंत्र तयार केलं, ओझोनसोंड. कल्पना सुंदर आहे. पेटीत एक चिमुकला पंप आणि छोट्या कुपीत पोटॅशियम आयोडाइडचं पाणी. पंप बाहेरची हवा ओढून पाण्यात बुडबुडे सोडतो. हवेत ओझोन असेल तर तो पाण्यातून आयोडीन मोकळं करतो. आपण जखमेला लावतो तेच. जितका ओझोन तितकं आयोडीन आणि तितकीच बारीकशी वीज कुपीतून वाहते. ती वीज रेडिओ खाली कळवतो.

लिहायला चार ओळी लागल्या, पण करून बघा म्हटलं तर! आपल्या डोक्यावर सोळा-सतरा किलोमीटरवर तापमान उणे पंच्याहत्तर-ऐंशी अंश असतं. खाली विदर्भात लोक उन्हाने कासावीस झालेले असतात, तेव्हासुद्धा. त्या थंडीत कुपीतलं पाणी गोठता कामा नये, म्हणून थर्माकोलची पेटी. तीस किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या शंभराव्या हिश्शाएवढा. तिथे पंप किती हवा ओढतोय हे आधीच माहीत हवं. आणि मुख्य म्हणजे यंत्र बहुतेक वेळा परत येत नाही. माझं जरा चुकलं होतं हो, असं सांगायला ते येणार नसतं. जी काही तपासणी करायची ती दोरी सोडण्याआधी. बाईंच्या काटेकोरपणाचा जाच वाटणाऱ्यांना याचं उत्तर इथे मिळत असणार.

तिरुअनंतपुरम, पुणे, दिल्ली अशा ठिकाणांहून हे फुगे जाऊ लागले. विषुववृत्ताजवळच्या आकाशातल्या अशा नोंदी जगात फार नव्हत्या, त्यामुळे त्यांना मोल होतं. आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगावर मणीबाई सदस्य म्हणून गेल्या. पुढे १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनला भगदाड पडल्याचं ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखवलं. ते नेमकं कोणत्या मजल्यावर पडलंय हे फुग्यांनीच सांगितलं, चौदा ते वीस किलोमीटरच्या आसपास. आपल्या जुन्या फ्रिजमधला वायू त्याला कारणीभूत होता आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने तो हळूहळू बंद केला. अंटार्क्टिकावरच्या भारतीय तळावरूनही भारतीय ओझोन यंत्रं आकाशात गेली.

आणखी एक यंत्र त्यांच्या विभागाने फुग्याला बांधलं, आणि मला वाटतं आज तेच जास्त जवळचं वाटावं. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता वर सोडते. त्यातली काही हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अडवतात आणि परत खाली पाठवतात. गोधडी पांघरल्यासारखं. कोणत्या उंचीवर किती उष्णता वर जाते आणि किती खाली येते, हे मोजणारी यंत्रं रात्रीच सोडायची, कारण दिवसा सूर्य सगळा हिशेब बिघडवणार. भारताच्या आकाशातल्या या मोजमापांवर मणीबाईंनी सहकाऱ्यांबरोबर १९६५ मध्ये निबंध लिहिला. तेव्हा तापमानवाढ हा शब्द आपल्या पेपरात नव्हता. कार्बन डायऑक्साइडची रोजची मोजणीसुद्धा हवाईच्या डोंगरावर १९५८ मध्येच सुरू झाली होती. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. गोधडी जाड होत चालली आहे. आपल्या सिंहगडावरही २००९ पासून पुण्याचे शास्त्रज्ञ काचेच्या चंबूत हवा भरून आणतात आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड मोजतात. पुढच्या वेळी पिठलं-भाकरी खायला गडावर जाल तेव्हा लक्षात असू द्या.

बाकीचं भराभर सांगते. १९५७-५८ च्या जागतिक भूभौतिकी वर्षात त्यांनी देशभर सूर्यप्रकाश मोजणारी केंद्रं उभी केली. १९६३ मध्ये विक्रम साराभाईंच्या सांगण्यावरून थुंब्याच्या रॉकेट केंद्रावर हवामानाची वेधशाळा उभारून दिली. दिल्लीला बदली झाली, हवामान खात्याच्या उपमहासंचालक म्हणून १९७६ मध्ये निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतर काय? तर देशातल्या सूर्यप्रकाशाच्या नोंदींचे दोन जाडजूड ग्रंथ (१९८० आणि १९८१), आणि सातशेहून अधिक ठिकाणांच्या वाऱ्याचं मोजमाप. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या आपण एसटीच्या खिडकीतून बघतो. अशी पवनचक्की उभी करायच्या आधी तिथला वारा वर्ष-वर्ष मोजावा लागतो. या पवनचक्क्या उभ्या राहण्याआधीच बाई वाऱ्याच्या मागे लागल्या होत्या.

त्यांनी लग्न केलं नाही. डोंगर चढायची आणि पक्षी बघायची हौस होती. आणि आपल्यासारख्यांनी स्त्री-शास्त्रज्ञ म्हणून केलेलं कौतुक त्यांना मुळीच आवडायचं नाही. बाई असण्याचा इथे काय संबंध, असा त्यांचा रोख. म्हणजे ही पुरवणी त्यांनी बहुधा न वाचताच बाजूला ठेवली असती! मला त्यांच्याशी यावर भांडावंसं वाटतं. ज्या प्रयोगशाळेत चूक झाली की ती बाईची चूक ठरत होती, तिथे यश आलं की ते मात्र नुसतं माणसाचं, हा कुठला हिशेब? पण त्यांनी अशा वेळी शांतपणे माझी आकडेवारी मागितली असती, आणि फुटलेल्या पिपेटांची मोजदाद तर मीही ठेवलेली नाही.

१९९४ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुअनंतपुरमला त्या गेल्या. तेव्हा मी पेपर रोज वाचत होते, पण ती बातमी वाचल्याचं मला आठवत नाही.

परवा माहेरी गेले होते. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. तिला ती पेटी आठवते का विचारलं. पेटी नीट आठवत नव्हती, रबर आठवत होतं. तसं रबर पुन्हा कधी मिळालं नाही म्हणाली, कैरीच्या लोणच्याला दोन वर्षं वारा लागला नाही. त्या पेटीत ओझोनची कुपी होती की साधं हवामानाचं यंत्र, हे आता कळायला मार्ग नाही. मणीबाई तेव्हा पुण्यात नव्हत्याच, दिल्लीला गेल्या होत्या. आईला मी हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या बाईंच्या कुड्यांचं पुढे काय झालं?